घरच्या कार्यक्रमाला फूड ट्रक बोलावताना खर्चाचे अंदाजपत्रक कसे मांडावे

वाढदिवस, डोहाळजेवण, वास्तुशांत किंवा हळदीची संध्याकाळ अशा घरगुती कार्यक्रमांसाठी केटररऐवजी फूड ट्रक दारात उभा करण्याची कल्पना नाशिककरांना आता नवलाची वाटत नाही. मात्र ट्रकवाल्याला फोन लावल्यावर जवळजवळ प्रत्येक यजमान पहिला प्रश्न विचारतो तो "प्लेटला किती घेता?" हा, आणि अंदाजपत्रक चुकण्यास तेथूनच सुरुवात होते. प्लेटचा दर सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे मत आहे. त्याआधी किती प्लेटा किती वेळात वाढल्या जायच्या आहेत, ट्रकवाल्याची किमान रक्कम किती आहे आणि ट्रकच्या बाहेरची कोणती व्यवस्था आपल्याला करावी लागणार आहे, या तीन गोष्टी कागदावर उतरल्या पाहिजेत. त्या उतरल्या की दराची घासाघीस करण्यात अर्थ असतो.

माणसांवरून प्लेटांकडे

पंगतीत एक माणूस म्हणजे एक पान, असा सरळ हिशोब असतो. ट्रकसमोर तो चालत नाही. ट्रकवरची प्लेट लहान असते, माणूस उभ्याने खातो, एक पदार्थ संपवून दुसऱ्याकडे वळतो, आणि लहान मुले अर्धी प्लेट टाकून पुन्हा रांगेत उभी राहतात. म्हणून आमंत्रितांच्या यादीपुढे प्रौढ आणि मुले असे दोन रकाने करावेत आणि प्रत्येक पदार्थाच्या किती प्लेटा लागतील याचा वेगवेगळा अंदाज घ्यावा.

उदाहरणासाठी गंगापूर रोडवरील एका बंगल्याच्या आवारात होणारा साठीचा समारंभ घेऊ. ९५ प्रौढ आणि २५ मुले मिळून १२० पाहुणे येणार आहेत, आणि ट्रकवर मिसळ, पावभाजी आणि दाबेली हे तीनच पदार्थ आहेत. मिसळीच्या ८०, पावभाजीच्या ८५ आणि दाबेलीच्या ९०, अशा एकूण २५५ प्लेटा धरल्या, तर माणशी दोनपेक्षा किंचित अधिक प्लेटा होतात. संध्याकाळच्या जेवणाऐवजी हेच खाणे असेल तर हा अंदाज रास्त आहे. पाहुणे पुढे घरी जाऊन जेवणार असतील, तर तो एक चतुर्थांशाने कमी करता येतो.

यानंतरचा हिशोब वेळेचा आहे, आणि तोच सहसा कोणी करत नाही. कार्यक्रम साडेसहा ते साडेनऊ असला, तरी औक्षण आणि केक होईपर्यंत ट्रककडे फारसे कोणी फिरकत नाही. साडेसातनंतरच्या दीड तासात पाऊण गर्दी एकदम येते, असे धरावे. म्हणजे २५५ पैकी सुमारे १९० प्लेटा ९० मिनिटांत, अर्थात दर २८ सेकंदांना एक प्लेट खिडकीतून बाहेर पडली पाहिजे. मिसळ ही रचायची वस्तू आहे: उसळ, फरसाण, रस्सा, कांदा आणि कोथिंबीर घालून प्लेट अर्ध्या मिनिटात हातात येते. पावभाजीची भाजी तव्यावर तयार असते, फक्त पाव भाजायचे असतात. त्यामुळे या पदार्थांना दोन खिडक्या आणि दोन हात असले की रांग हलती राहते. याच यादीत डोसा आला की गणित कोसळते. एका तव्यावर एका वेळी तीन डोसे आणि प्रत्येक खेपेला चार मिनिटे धरली, तर तासाला ४५ डोसे होतात, आणि ९५ प्रौढांपैकी सगळ्यांनाच डोसा हवा असतो. मग दुसरा तवा, दुसरा कारागीर किंवा दुसरा ट्रक घ्यावा लागतो, आणि प्लेटचा दर स्वस्त वाटूनही एकूण खर्च वाढतो. पदार्थ निवडताना चवीइतकाच हा वेग पाहावा. पाच-सहा पदार्थांची लांब यादी देणारा ट्रक मोठा वाटतो, पण त्याच्या आत माणसे तीनच असतात.

दिवस कोणता आहे, हेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे. सोमवार, एकादशी किंवा चतुर्थी असेल, तर उपवासाच्या पाहुण्यांसाठी साबुदाणा वडा किंवा खिचडीच्या काही प्लेटा वेगळ्या धराव्या लागतात. श्रावणी सोमवारी त्यांची संख्या अर्ध्यावरही जाऊ शकते, त्यामुळे त्या दिवशी ट्रकच नको, असे मी स्पष्टपणे सांगेन. कांदा-लसूण न खाणारे पाहुणे किती आहेत, याची चौकशीही आधीच करावी, कारण एकाच तव्यावर दोन्ही भाज्या होत नाहीत.

दर सांगण्याच्या तीन पद्धती

फूड ट्रकवाले साधारणपणे तीन प्रकारे दर सांगतात. पुढील आकडे केवळ हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या तारखेचे दर आपणच दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावेत.

पहिली पद्धत, जितक्या प्लेटा संपतील तितके पैसे. समजा, मिसळ ९० रुपये, पावभाजी ११० रुपये आणि दाबेली ४० रुपये असा दर आहे. आपल्या अंदाजाप्रमाणे मिसळीचे ७,२००, पावभाजीचे ९,३५० आणि दाबेलीचे ३,६०० मिळून २०,१५० रुपये होतात. पण याच ट्रकची किमान रक्कम, म्हणजे व्यवसायात ज्याला मिनिमम गॅरंटी म्हणतात ती, २५,००० रुपये असेल, तर आपण पूर्ण २५,००० देणार आहोत, आणि वरचे ४,८५० रुपये कोणाच्याही पोटात जाणार नाहीत. ही रक्कम कमी करून मागण्यापेक्षा तितक्याच पैशांत जिलेबी किंवा कुल्फी यांसारखा एखादा पदार्थ जोडून घ्यावा. ट्रकवाला त्याला सहसा नकार देत नाही, कारण त्याची गाडी, माणसे आणि संध्याकाळ आधीच आपल्यासाठी अडकलेली असते.

दुसरी पद्धत माणशी दराची. समजा, प्रौढाला २८० रुपये आणि मुलाला अर्धा दर, हवे तितके खा. ९५ प्रौढांचे २६,६०० आणि २५ मुलांचे ३,५०० मिळून ३०,१०० रुपये होतात. हा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असला, तरी त्यात प्लेटा मोजण्याची कटकट नाही आणि पाहुण्यांनी जास्त खाल्ले तर जोखीम ट्रकवाल्याची. तरुण मंडळी अधिक असलेल्या कार्यक्रमाला ही पद्धत परवडते. ज्येष्ठ नागरिक अधिक असतील, तर ती महाग पडते. या पद्धतीत किमान माणसांची अट असते. शंभर माणसांची अट मान्य केली आणि ८२ जणच आले, तरी पैसे शंभरांचेच द्यावे लागतात. म्हणून अटीचा आकडा आपल्या अंदाजापेक्षा पंधरा-वीसने कमी ठरवून घ्यावा आणि प्रत्यक्ष वाढ होईल तशी ती पुढे मोजावी.

तिसरी पद्धत आपल्याकडच्या जुन्या आचाऱ्यांची आहे: सामान यजमानाचे, मजुरी कारागिराची. ट्रकचे भाडे आणि मजुरी १२,००० रुपये, आणि शिधा आपण आणायचा. रविवार कारंजाहून किराणा आणि पंचवटीतील मार्केट यार्डातून भाजी स्वतः आणली, तर २२ ते २४ हजारांत काम होऊ शकते. मात्र किती मटकी भिजवायची, किती लाद्या पाव सांगायचे आणि उरलेल्या लोण्याचे काय करायचे, हे सगळे प्रश्न कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आपल्या डोक्यावर येतात. ज्याच्या घरात असा हिशोब सांभाळणारी एखादी आत्या किंवा काका आहेत, त्यानेच या वाटेला जावे.

कांद्याचा मुद्दा येथेच सांगतो, कारण तो घासाघिशीत हमखास निघतो. लासलगावला भाव चढले की ट्रकवाला प्लेटमागे वीस रुपये वाढवून मागतो. आपल्या उदाहरणात मिसळ आणि पावभाजीच्या १६५ प्लेटांना, वरचा चिरलेला आणि रश्श्यातला मिळून, दहा किलोच्या आसपास कांदा लागेल. भाव किलोला तीस रुपयांनी वाढला, तरी ट्रकवाल्याचा खर्च ३०० रुपयांनी वाढतो. प्लेटमागे वीस म्हणजे मात्र ३,३०० रुपये. हे दोन आकडे शांतपणे समोर ठेवले, की बोलणे लवकर मिटते.

दरासोबत जादा पावाचेही विचारून ठेवावे. मिसळीत रस्सा पुन्हा वाढला जातो, पण पाव मोजला जातो. १६५ प्लेटांपैकी निम्म्या लोकांनी एकेक पाव जादा घेतला आणि तो पाच रुपये दराने लावला, तर बिलात चारशे रुपयांची भर पडते. रक्कम मोठी नाही, परंतु पाहुण्यांसमोर पावाचे पैसे मोजण्याची वेळ येणे कोणालाच आवडत नाही. त्यामुळे तो दरातच धरून घ्यावा.

ट्रकबाहेरचा खर्च

ट्रकवाला अन्न देतो. माणसे बसणार कोठे, पाणी पिणार कोठे, प्लेटा उचलणार कोण, हे त्याच्या दरात नसते. या बाबी किरकोळ म्हणून सोडून दिल्या जातात आणि शेवटी त्याच अंदाजपत्रक फुगवतात.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. माणशी एक लिटर धरले तर १२० लिटर, म्हणजे २० लिटरचे सहा जार, आणि दोन जार हाताशी. ट्रकला धुण्यासाठी आणि शिजवण्यासाठी लागणारे पाणी वेगळे. त्यासाठी नळाचे ठिकाण आणि पाइपाची लांबी आधी दाखवून ठेवावी. प्लेटा कोणत्या, हेही ठरवावे. थर्माकोल आणि एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकच्या प्लेटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे सुपारीच्या पानाच्या किंवा उसाच्या चोथ्याच्या प्लेटा येतात. त्या महाग असतात, म्हणून त्यांची किंमत दरात आहे की वेगळी, हे विचारावे. मिसळीचा रस्सा पातळ असल्याने खोलगट वाटीच लागते. सपाट प्लेट स्वस्तात मिळाली, तरी ती पाहुण्यांच्या कपड्यांवर महाग पडते.

विजेकडे विशेष लक्ष द्यावे. घरातील १६ अँपिअरच्या एका सॉकेटवरून साधारण साडेतीन किलोवॉटपर्यंतच भार घेता येतो. ट्रकचे दिवे, मिक्सर आणि डीप फ्रीझर त्यावर चालतात, पण त्याच सॉकेटवर ओव्हन आणि डीजेची पेटी लावली की मुख्य स्विच पडतो. ट्रकवाल्याला त्याच्या सर्व उपकरणांचे वॉट विचारावेत, आणि कार्यक्रम गिरणारे किंवा गंगापूर धरणाकडच्या एखाद्या फार्महाउसवर असेल, तर जनरेटरचे भाडे डिझेलसह धरावे. गॅसच्या बाबतीत १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर वापरणे कायद्याने आवश्यक आहे. घरगुती लाल सिलिंडर लावून दर कमी करणारा ट्रक आपल्या आवारात उभा करू नये. आग विझवण्याचे यंत्र आहे का आणि त्याची मुदत संपली आहे का, हेही प्रत्यक्ष पाहावे.

आता आपल्या उदाहरणाची पूर्ण बेरीज मांडू. किमान रकमेचे २५,००० रुपये आणि त्यावर पाच टक्के जीएसटीचे १,२५० मिळून २६,२५० रुपये झाले. गाडीच्या येण्याजाण्याचे १,५००, प्लेटा उचलणाऱ्या दोन मदतनिसांचे १,४००, पाण्याच्या आठ जारांचे ३२०, टेबल-खुर्च्यांच्या भाड्याचे १,८००, दिवे आणि कनातीचे २,५०० आणि दुसऱ्या दिवशीच्या सफाईचे ८०० असा वरखर्च ८,३२० रुपये होतो. दोन्हींची बेरीज ३४,५७०. अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के बाजूला ठेवले की एकूण ३८,००० रुपयांच्या घरात जाते. म्हणजे केवळ ट्रकच्या बिलावरून माणशी २१९ रुपये वाटत होते, ते प्रत्यक्षात ३१७ रुपयांवर आले. केटररच्या दराशी तुलना करायची, तर ती या दुसऱ्या आकड्याशी करावी.

जागा आणि हंगाम

छोटा हत्तीवर बांधलेला ट्रक बहुतेक बंगल्यांच्या फाटकातून आत येतो, पण मोठ्या गाडीसाठी फाटकाची रुंदी, वरून गेलेल्या विजेच्या तारा आणि जमिनीचा उतार मोजून ठेवावा लागतो. खिडकीची झडप उघडल्यावर समोर रांगेसाठी जागा उरते का, तेही पाहावे. सोसायटीच्या आवारात कार्यक्रम असेल, तर समितीची लेखी परवानगी घ्यावी. रस्त्यावर गाडी उभी करून काम भागेल, ही कल्पना मात्र सोडून द्यावी. लॉन्स किंवा मंगल कार्यालय घेतले असेल, तर बाहेरचे अन्न आणण्यासाठी वेगळी रॉयल्टी आकारली जाते का, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारावे. ती रक्कम कधी कधी ट्रकच्या निम्म्या बिलाइतकी सांगितली जाते, आणि मग ट्रक बोलावण्याचा उद्देशच संपतो.

तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई असते. त्या शनिवार-रविवारी ट्रक मिळणे कठीण असते आणि दरही ताठ असतात. चातुर्मासात दर नरम होतात, पण नाशिकचा पाऊस जून ते सप्टेंबर असल्याने रांगेवर ताडपत्री आणि खाली चिखल होऊ नये म्हणून फळ्या यांचा खर्च वाढतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा रस्सा आणि चहा मागच्या अंदाजापेक्षा जास्त जातो आणि कुल्फी तशीच राहते. मिनिमम गॅरंटी भरून काढण्यासाठी त्या दिवसांत कुल्फीऐवजी गरम जिलेबी घ्यावी.

खर्च खरोखरच कमी करायचा असेल, तर कार्यक्रम सकाळी ठेवावा. रविवारी सकाळी मिसळ खाण्यास बाहेर पडणे ही नाशिककरांची जुनीच सवय आहे, त्यामुळे काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड आणि दही यांवर नऊ ते साडेअकराचा कार्यक्रम कोणालाही अपुरा वाटत नाही. पदार्थ एक-दोनच पुरतात, दिव्यांचा खर्च वाचतो, आणि ट्रकवाल्याला संध्याकाळचे दुसरे काम घेता येत असल्याने किमान रक्कम कमी करण्यास तो तयार होतो.

सिंहस्थाचीही आठवण ठेवावी. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवशी गोदाकाठच्या भागात वाहनांना बंदी होती. २०२७ च्या पर्वण्यांच्या आसपास पंचवटीत कार्यक्रम असेल, तर गाडीच पोहोचणार का, हे आधी पाहावे.

कर, परवाना आणि बिल

प्रत्येक अन्नव्यावसायिकाकडे एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना असावा लागतो आणि त्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापलेला असतो. जीएसटी लावला असेल, तर बिलावर १५ अंकी जीएसटी क्रमांक असला पाहिजे. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान व्यावसायिकालाही तो बिलात वेगळा लावता येत नाही. म्हणून "जीएसटी वेगळा" असे कोणी म्हणाले, तर क्रमांक मागून घ्यावा. दर सांगताना "सगळे धरून किती?" असा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

लेखी म्हणजे स्टॅम्प पेपर नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवरील सविस्तर संदेश आणि त्याला आलेला होकार पुरेसा असतो. त्यात पदार्थ, प्लेटचे वजन किंवा आकार, किमान रक्कम, ट्रक किती वाजता येणार आणि पहिली प्लेट किती वाजता मिळणार, ठरलेल्या वेळेनंतर थांबल्यास तासाला किती, कर्मचाऱ्यांचे जेवण कोणाकडे, उरलेले अन्न कोणाचे, आणि पाऊस किंवा घरातील सुतकामुळे तारीख बदलल्यास इसार पुढे धरला जाईल की बुडेल, इतके असावे. इसार एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये. पाहुण्यांची अंतिम संख्या तीन दिवस आधी कळवावी. तोवर मटकी भिजत घातलेली नसते आणि पावाची ऑर्डरही बदलता येते.

प्लेटांवर पैसे द्यायचे ठरले असेल, तर मोजण्याची पद्धत आधी ठरवावी. आमच्या घरच्या बारशाला एका ट्रकवाल्याने ११० पाहुण्यांमागे ४१२ प्लेटांचे बिल दिले होते. खिडकीतल्या मुलाने वहीवर रेघा मारल्या होत्या, आणि त्या रेघांत त्याच्याच माणसांचे जेवण, सांडलेल्या प्लेटा आणि गरम रश्श्याखाली घेतलेली दुसरी वाटी हे सगळे आले होते. रात्री साडेदहाला, बाळ रडत असताना, वाद घालण्याचे त्राण कोणात नव्हते. मी मुकाट्याने पैसे दिले. तेव्हापासून मी सोपी रीत पाळतो. रिकाम्या प्लेटा आपण स्वतः आणाव्यात किंवा आलेले गठ्ठे सुरुवातीला दोघांनी मिळून मोजावेत, आणि शेवटी उरलेले गठ्ठे त्यातून वजा करावेत. सांडलेल्या प्लेटांसाठी दोन-तीन टक्के सूट आधीच बोलून ठेवावी. पाहुण्यांना कूपन देण्याचा मार्ग हिशोबाला नेमका आहे, पण घरच्या कार्यक्रमात आलेल्या मावशीच्या हातात कूपन ठेवणे मला तरी जमत नाही.

मोजणी आणि बिल चुकते करण्याचे काम यजमानाने स्वतःकडे ठेवू नये. त्या संध्याकाळी यजमान फोटोंमध्ये अडकलेला असतो. एखाद्या भाच्याला किंवा शेजाऱ्याला ठरलेला संदेश पाठवून ठेवावा, शिल्लक रक्कम यूपीआयने देण्याची व्यवस्था करावी आणि ट्रक हलण्यापूर्वी बिलाचा फोटो घेण्यास सांगावे. उरलेली भाजी आणि पाव डब्यांत भरून घ्यावेत. ओला कचरा आणि पानांच्या प्लेटा एका पिशवीत, सुका कचरा दुसऱ्या पिशवीत बांधून फाटकाशी ठेवावा, म्हणजे सकाळी घंटागाडी आली की तो लगेच देता येतो आणि सफाईसाठी धरलेल्या आठशे रुपयांतले काही वाचतातही.